‘हं’ न म्हणता ऐकणे

पॉडकास्ट सुरू करू पाहणाऱ्यांना माइक कोणता घ्यावा आणि एपिसोड कुठे चढवावा हे बहुधा ठाऊक असते, म्हणून त्यात मी वेळ घालवत नाही. माझे खरे शिक्षण झाले ते शिकागोच्या डब्ल्यूबीईझेड या रेडिओ केंद्रावरून नोव्हेंबर १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘धिस अमेरिकन लाइफ’ या कार्यक्रमावर, आणि तेही तो नुसता ऐकून नव्हे. त्याच्या भागांचा लिखित मजकूर संकेतस्थळावर मिळतो. तो छापून घेऊन, कानाला हेडफोन लावून, निवेदक कुठे बोलतो, माणूस कुठे बोलतो, संगीत कुठे शिरते आणि कुठे थांबते, याच्या खुणा मी लाल पेनाने करीत असे. एका तासाच्या भागाला माझे दोन रविवार जात.

असे तीन-चार भाग उसवल्यावर वीण दिसू लागते. आधी ‘मग काय झाले’ अशी ओढ लावणारा किस्सा येतो आणि त्यानंतर त्याचा अर्थ लावणारा एखादा क्षण. कार्यक्रमाचे निवेदक इरा ग्लास यांनी ही जोडी स्वतःच जाहीरपणे सांगितलेली आहे. संगीत किश्श्याखाली चालत राहते आणि मोलाचे वाक्य येण्याच्या जरा आधी थांबते, त्यामुळे ते वाक्य एकदम उघड्यावर आल्यासारखे ऐकू येते. हे सारे मी वहीत नीट उतरवून घेतले आणि तरीही तोंडावर आपटले.

लालबागच्या एका चाळीत निवृत्त गिरणी कामगार असलेल्या काकांची मुलाखत घ्यायला मी गेले होते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाविषयी बोलता बोलता ते म्हणाले, “भोंगा बंद झाला, पण झोप मात्र त्याच वेळेला मोडायची.” ते ‘पण झोप’ म्हणत असताना मी कळवळून ‘अरेरे’ म्हटले. घरी येऊन ऐकते तो त्या वाक्यावर माझा आवाज बसलेला, आणि त्याआधीच्या चाळीस मिनिटांत जागोजागी ‘हं’, ‘हो ना’, ‘बापरे’.

या एका गोष्टीवर मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण ती कोणी सांगत नाही. आपल्याकडे गोष्ट ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा असतो, तो दिला नाही तर सांगणारा मध्येच “ऐकतेयस ना?” असे विचारतो. समोरासमोर जी सभ्यता ठरते ती ध्वनिमुद्रणात कचरा ठरते. वाक्यांच्या मधल्या जागेत पडलेला हुंकार कापता येतो. शब्दावर पडलेला हुंकार त्याच लहरीत मिसळतो आणि काढायला जावे तर शब्दही जातो. दोघांना वेगवेगळे कॉलर माइक लावले तरी दहा बाय बाराच्या खोलीत माझा आवाज त्यांच्या माइकमध्ये शिरतोच. आवाज स्वच्छ करून देणारी जादूची बटणे मी वापरून पाहिली आहेत. काका विहिरीतून बोलत असल्यासारखे वाटू लागले.

ते वाक्य पुन्हा घ्यावे म्हणून आठवड्याने मी परत गेले. काका भले गृहस्थ, त्यांनी लगेच सुरुवात केली, “मागच्या वेळी सांगितलं ना, तसं, भोंगा बंद झाला…” शब्द तेच होते, पण आता ते पाठ म्हटल्यासारखे येत होते. एकदा निसटलेले वाक्य परत मागून मिळत नाही, एवढे मनाशी पक्के करूनच माइक उघडा.

आता मी सुरुवातीलाच सांगून टाकते, “काका, मी मध्ये हं म्हणणार नाही, पण माझे लक्ष आहे.” मग मान हलवायची, डोळ्यांनी दाद द्यायची, आणि उत्तर संपले असे वाटले तरी मनात तीन अंक मोजायचे, कारण पुष्कळदा खरे बोलणे त्या तीन अंकांनंतर येते. माइक तोंडापासून साधारण एक वीत असावा आणि निघण्यापूर्वी सर्वांनी गप्प बसून खोलीची नुसती शांतता मिनिटभर मुद्रित करावी. पंख्याची घरघर असली तर तीही, म्हणजे संपादनातले सांधे झाकता येतात.

‘दहा दिवसांत पॉडकास्टर’ अशा जाहिरातींवर माझा राग आहे, तो मी लपवत नाही. तिथे सुरुवातीची धून आणि बोधचिन्ह शिकवतात. गुरू शोधायचाच तर तुमचे कच्चे ध्वनिमुद्रण ऐकायला तयार असलेला शोधा. मला आकाशवाणीतून निवृत्त झालेले एक ध्वनिमुद्रक भेटले, त्यांनी माझी वीस मिनिटे ऐकून एवढेच विचारले, “मुलाखत कोणाची आहे?” दोन दिवस मी त्यांना फोन केला नाही, तिसऱ्या दिवशी केला.

तुमचे पहिले भाग वाईटच होतील आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही. ग्लास १९७८ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, एनपीआर या अमेरिकेतल्या सार्वजनिक रेडिओ संस्थेत उमेदवारीला लागले, आणि रेडिओत आठ वर्षे घालवल्यानंतरचे आपले एक काम एका मुलाखतीत सर्वांना ऐकवून त्यांनी स्वतःच त्याची खिल्ली उडवलेली आहे. मात्र आठ वर्षे आहेत म्हणून आजचा हुंकार खपवून घेऊ नका.

काकांच्या भागात शेवटी मी पहिलेच ध्वनिमुद्रण ठेवले. संगीत वाक्याच्या आधी थांबवले, खोलीची शांतता जोडली, आणि तरी ‘पण झोप’ या शब्दांवर माझे ‘अरेरे’ अजून ऐकू येते.