थेरपीचं गोल (ध्येय) ठरवायच्या आधी घरातला दिवस बघा

सेरेब्रल पाल्सी (वाढत्या मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचाल आणि तोल सांभाळायला होणारा त्रास) असलेल्या बाळाचं गोल ठरवायला जाताना नुसतं "चालायला लागू दे" म्हणू नका, आधी आठवडाभर वहीत लिहा की दिवसात नेमकं कुठे अडतंय, जेवताना मान पडते का, ठसका लागतो का (लागत असेल तर थेरपिस्टला हे सगळ्यात आधी सांगा), आणि त्याला स्वतःला काय करायला आवडतं तेही. मग थेरपिस्टसोबत एकच गोष्ट पकडा, म्हणजे "3 महिन्यांत कॉर्नर चेअरमधे (पाठीला दोन्ही बाजूंनी आधार देणारी कोपऱ्यासारखी खुर्ची) 10 मिनिटं बसून स्वतःच्या हाताने घास खाणार". हे मोजता येतं! आजीलाही सांगून ठेवा, नाहीतर ती मायेने भरवतच राहते. नाही जमलं तर गोल लहान करा, मूल कमी पडलं असं अजिबात नसतं. जिल्हा रुग्णालयात डीईआयसी (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं सरकारी केंद्र) असेल तर तिथे थेरपी मोफत मिळते, जरूर विचारा.