परदेशात शिंप्याकडून कपडे शिवून घेताय? या चुका टाळा

होई आनमध्ये मी पहिल्यांदा कोट शिवून घेतला तेव्हा कापड निवडायला दोन तास लावले आणि ट्रायलला जेमतेम दहा मिनिटं दिली. कापड आजही सुंदर दिसतं. पण कोट अंगात चढवला की कॉलर मानेपासून बोटभर सुटते. ती बसवायची तर वरचा भाग जवळजवळ सगळा उसवावा लागेल, असं नंतर दाखवलेल्या प्रत्येक शिंप्यानं सांगितलं. व्हिएतनाममधलं होई आन, थायलंडमधलं बँकॉक आणि हाँगकाँग ही प्रवासात कपडे शिवून घेण्यासाठी नावाजलेली ठिकाणं. तिथे कसबी हात भरपूर आहेत. तरी कपडे बिघडतात, आणि त्याचं मोठं कारण म्हणजे गिऱ्हाईक आपला वेळ चुकीच्या जागी खर्च करतं.

मुक्कामाच्या शेवटी ऑर्डर देणं

'चोवीस तासांत सूट' ही पाटी खोटी नसते. सूट खरंच मिळतो, पण तो दुरुस्त करायला वेळ उरत नाही. कोटाची खरी ट्रायल कच्च्या टाक्यांवर होते. तेव्हा बाही नुसती टाचलेली असते, अस्तर लागलेलं नसतं आणि खांदा काढून पुन्हा बसवता येतो. एकदा पक्की शिलाई झाली, खिसे कापले गेले, काजं पडली की शिंपीही हात आखडता घेतो.

शिवाय समोरच्या दुकानात पुष्कळदा फक्त माप घेतलं जातं. शिवणारे कारागीर दुसरीकडे असतात आणि कपडा तिकडे जाऊन परत येतो. म्हणून प्रत्येक दुरुस्तीला एक दिवस धरा. कोट हवा असेल तर पोहोचलात त्याच दिवशी माप द्या, दोन-तीन दिवसांनी कच्ची ट्रायल घ्या, मग पक्की ट्रायल, आणि निघण्याआधीचा एक दिवस मोकळा ठेवा. हातात दोनच दिवस असतील तर कोटाचा मोह सोडा. शर्ट, स्कर्ट, साधी पँट एवढंच शिवा. पाच शर्ट हवे असले तरी आधी एकच शिवून घ्या. तो धुवा, दिवसभर घाला आणि मगच बाकीचे सांगा.

कुणी नेईल त्या दुकानात शिरणं

बँकॉकमध्ये टुकटुकवाला स्वस्तात शहर दाखवतो आणि मध्येच शिंप्याच्या दुकानापाशी थांबतो. त्याचं कमिशन तुमच्याच बिलातून जातं. 'दोन सूट, दोन शर्ट, वर टाय फुकट' अशी पॅकेजंही सोडून द्या, कारण त्या किमतीत कापड किंवा शिलाई यांतलं एक हलकं असणारच. दुकानात टांगलेले नमुने बघण्यापेक्षा दुसऱ्या गिऱ्हाइकाचा तयार झालेला कपडा आतून दाखवायला सांगा. टीप सरळ आहे का, चौकड्याच्या रेघा खिशावर आणि शिवणीवर जुळल्यात का, अस्तर ओढलं गेलंय का, हे दोन मिनिटांत कळतं.

कापडाच्या नावावर विश्वास ठेवणं

'कॅशमिअर', 'प्युअर सिल्क' ही नावं सढळ हातानं वापरली जातात. शंका असेल तर कापडाच्या कडेचे दोन-चार धागे काढून मागा आणि दुकानदाराच्या देखतच, मोकळ्या जागी, बशीवर धरून जाळून बघा. लोकर आणि रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि मागे उरलेली राख बोटांनी चुरता येते. सुती आणि लिननचे धागे कागदासारखे जळतात. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गुठळी होते. मिश्र कापडात दोन्ही खुणा दिसतात, तेव्हा गुठळी सापडली की 'शंभर टक्के' हा शब्द बाद समजा. प्रामाणिक दुकानदार या परीक्षेला हरकत घेत नाही.

लोकरीच्या कापडावरचा 'सुपर' आकडा लोकरीच्या तंतूचा बारीकपणा सांगतो. सुपर 100 साठी लोकरीच्या तंतूची सरासरी जाडी जास्तीत जास्त 18.75 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चालते, तर सुपर 150 साठी 16.25. आकडा वाढला की कापड मऊ होतं, पण ते लवकर चुरगळतं आणि लवकर झिजतं. रोज वापरायच्या सुटाला 100 ते 120 पुरेसं आहे. त्याहून वरचा आकडा कधीतरी घालायच्या कोटासाठी ठेवा.

कोटाच्या पोटात काय आहे हेही विचारा. पुढच्या भागाला आकार देण्यासाठी आत कॅनव्हासचं जाड कापड टाक्यांनी बसवलेलं असतं, नाहीतर बुकरम म्हणजे कडक अस्तर गोंदानं चिकटवलेलं असतं. हलकं चिकटवलेलं काम इस्त्रीनं आणि ड्रायक्लीनिंगनं सुटू शकतं आणि छातीवर फुगे दिसायला लागतात. कच्च्या ट्रायलला अस्तर नसतं, त्यामुळे ते डोळ्यांनीच बघता येतं.

'थोडं सैल करा' एवढंच सांगणं

भाषा तोडकीमोडकी असताना 'थोडं' या शब्दाला काही किंमत नाही. जिथे सैल हवं तिथे कापड चिमटीत धरून दाखवा, तिथे टाचणी लावायला सांगा आणि आकडा लिहून घ्या. काही दुकानांत इंच चालतात, काही ठिकाणी सेंटीमीटर. 2 इंच म्हणजे 5 सेंटीमीटरहून थोडं जास्त, त्यामुळे आकड्यापुढे एकक लिहिलं नाही तर घोटाळा ठरलेला. पावतीवर कापडाचा तुकडा टाचून घ्या. कॉलर, खिसे, बटणांची संख्या, अस्तराचा रंग, ट्रायलच्या तारखा हे सगळं कागदावर हवं. तुम्ही बोलता एका माणसाशी आणि शिवतो दुसरा, त्याच्यापर्यंत पोहोचतो तो फक्त हा कागद. हव्या असलेल्या कपड्याचे फोटो समोरून, बाजूनं आणि मागून असे तीन दाखवा.

आवडता जुना कपडा नमुना म्हणून द्यायची कल्पना चांगली आहे. मात्र त्याच्या कापडात ताण असेल, म्हणजे दोन-तीन टक्के जरी स्पॅन्डेक्स असेल, तर तेच माप न ताणणाऱ्या कापडावर घट्ट बसतं. हे आधी सांगा. आणि त्या नमुन्यातलं तुम्हाला काय आवडतं तेही सांगा, नाहीतर त्यातला दोषही निष्ठेनं शिवला जातो.

माप देताना पोट आत घेऊ नका, छाती फुगवू नका. खिशातून फोन आणि पाकीट काढा. ज्या बुटांवर पँट घालणार तेच बूट घाला. ड्रेस किंवा ब्लाउज असेल तर त्याखाली जे घालणार तेच अंगावर हवं, कारण टक्स, म्हणजे आकारासाठी घातलेल्या चिमट्या, कुठे पडणार ते त्यावर ठरतं.

ट्रायलला फक्त आरशात बघून मान डोलावणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सरळ उभं राहून कपडा छानच दिसतो. हात पुढे करा, खुर्चीत बसा, वाका, दोन जिने चढा. सोबत कुणी असेल तर पाठीचा फोटो काढायला सांगा, कारण निम्मे दोष पाठीवर असतात.

सुरकुत्या वाचायला शिकलात तर शिंप्याशी बोलणं सोपं होतं. कोटाचं बटण लावल्यावर तिथून फुलीसारख्या रेघा निघाल्या तर कंबरेत घट्ट आहे. कॉलरच्या खाली, पाठीवर आडवी वळी पडत असेल तर कोटाचा खांदा तुमच्या खांद्याहून जास्त उतरता कापलाय. मानेकडून काखेच्या दिशेनं तिरप्या रेघा उतरत असतील तर उलट, तुमचे खांदे उतरते आहेत. बरेचदा एकच खांदा खाली असतो, तेव्हा दोन्ही बाजू वेगवेगळ्या बघा. हात सहज सोडले असताना बाहीवर पिळल्यासारख्या रेघा आल्या तर बाही चुकीच्या कोनात बसवली आहे. ती काढून थोडी पुढे किंवा मागे फिरवावी लागते आणि चांगला शिंपी ते करतो. हात वर केल्यावर अख्खा कोट वर उचलला जात असेल तर मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात तो गोल काप, फार खोल आहे. पँटच्या बाजूच्या खिशांची तोंडं उघडी राहत असतील तर घेर कमी पडलाय.

वेळ कमी असेल तर घरी गेल्यावर दुरुस्त होणार नाही ते आधी पाहा. पँटची लांबी, कंबर, कोटाच्या कडेच्या शिवणी हे कुठलाही बरा शिंपी करून देईल. खांद्याची रुंदी, कोटाची लांबी आणि खोल कापलेला मुंढा मात्र तिथेच सोडवायला हवं. खोल कापलेल्या मुंढ्यावर कापड परत येत नाही आणि कोट आखूड केला तर खिसे विचित्र जागी दिसतात. बाहीच्या टोकाला उघडणारी काजं हवी असतील तर लांबी पक्की झाल्यावरच कापायला सांगा. ती आधी पडली तर बाही खालून आखूड करता येत नाही, खांद्यापासून काढावी लागते.

माया न मागणं

शिवणीच्या आत ठेवलेलं जास्तीचं कापड, आपल्याकडचे शिंपी ज्याला माया म्हणतात, ते घाईच्या कामात छाटून टाकलं जातं. पँटच्या मागच्या शिवणीत, कोटाच्या कडांना आणि बाहीच्या टोकाला इंचभर तरी माया ठेवा, असं ऑर्डर देतानाच सांगा आणि शेवटच्या ट्रायलला कपडा उलटा करून बघा. वजन वाढलं, सुती कापड आटलं तर हाच इंच कामाला येतो. सुती आणि लिनन कापड बेतण्याआधी पाण्यातून काढायला सांगायचं विसरू नका. मी एकदा ते विसरले आणि लिननची पँट पहिल्याच धुण्यात घोट्याच्या वर गेली.

पूर्ण पैसे आधी देणं

आगाऊ रक्कम ठरवा आणि उरलेले पैसे शेवटच्या ट्रायलनंतर द्या. 'तुम्ही जा, आम्ही पाठवून देतो' हा पर्याय स्वीकारू नका. अंगावर घालून न पाहिलेला कपडा कुरिअरनं आला की त्याच्या दुरुस्तीचा खर्च तुमचा असतो. काम मनासारखं झालं असेल तर मात्र निघताना तुमचा मापाचा कागद आणि दुरुस्त केलेला कागदी नमुना दुकानात जपून ठेवायला सांगा आणि त्या कागदाचा फोटो काढा. पुढच्या वेळी घरबसल्या मागवायचं ठरलं तर आधी एक शर्ट मागवा, आणि त्याआधी छाती-कंबर पुन्हा मोजून कळवा.