मृगाआधी प्रत्येक कुंडीचे भोक तपासा

मृगाचा पाऊस तोंडावर आला आहे. अंगणात, खळ्यात किंवा जांभ्याच्या पायऱ्यांवर मातीच्या कुंड्या मांडून बाग उभी केलेल्या प्रत्येकाने बाकीची कामे बाजूला ठेवावीत आणि आधी कुंडी उचलून तिच्या तळाचे भोक पाहावे. उन्हाळाभर पाणी घालून जगवलेला मोगरा, अनंत, कढीपत्ता आणि लिंबाची कलमे ऐन आषाढात मरताना मी घरोघरी पाहिली आहेत, आणि बहुतेक वेळा कुंडी पालथी केल्यावर बुजलेले भोक आणि घाण वास मारणारा चिखलच हाती लागला आहे.

मातीची कुंडी आपसूक सुकते, हा भरवसा कोकणातल्या पावसाळ्यात कामाचा नाही. कुंडीच्या अंगातून पाझरलेले पाणी वाऱ्याने उडून जावे लागते. पावसाळ्यात हवाच ओलीचिंब असल्याने ते उडत नाही, बाहेरून शेवाळ चढते आणि पाण्याला भोकाखेरीज वाट उरत नाही. कुंडी सपाट फरशीवर टेकलेली असेल तर ती वाटही बंद होते, आणि जमिनीवर ठेवलेली असेल तर झाडाची मुळेच भोकातून खाली उतरून ते बुजवतात.

भोक करंगळी जाईल एवढे असावे आणि त्यावर फुटक्या कौलाचा बाकदार तुकडा पालथा ठेवावा. तळाला खडीचा जाड थर देऊ नये, कारण बारीक मातीतले पाणी खडीत सहज उतरत नाही, ते थराच्या वर अडून मुळांशीच राहते. प्रत्येक कुंडी चिऱ्याच्या तीन तुकड्यांवर चार बोटे उचलून ठेवावी आणि खालच्या ताटल्या काढून टाकाव्यात. त्यांत डासही वाढतात. तांब्याभर पाणी ओतल्यावर मिनिटभरात तळातून धार लागली नाही, तर मी ती कुंडी पुन्हा भरतो.

मांडणी करताना पावळीची, म्हणजे छपराच्या कडेखालची, रेघ टाळावी, कारण पागोळ्यांची धार माती धुऊन मुळे उघडी पाडते. पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून नाजूक झाडे घराच्या पूर्वेला आणावीत, मोठ्या कुंड्या मागे ठेवाव्यात आणि दोन कुंड्यांमध्ये वारा खेळेल एवढी जागा सोडावी.

भरणीसाठी दोन भाग तांबडी माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत आणि एक भाग नदीची जाड वाळू पुरते. समुद्राची वाळू खारी असल्याने वापरू नये. दुकानात गळ्यात मारली जाणारी कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) महागडी पोती पाणी धरून ठेवतात, आणि पावसाळ्यात आपल्याला नेमके तेच नको असते.

इतर नेहमीची कामे:
- वाळक्या फांद्यांची छाटणी
- तण काढणे
- वेलींना आधार
- संध्याकाळी गोगलगायी वेचणे
- संततधारेत खत बंद

माती ओली असूनही पाने मान टाकू लागली, तर आणखी पाणी देऊ नये आणि वाढीच्या टॉनिकवर पैसे घालवू नयेत. एक बारीक मूळ चिमटीत धरून ओढावे: साल सुटून नुसता दोरा हातात राहिला, तर मूळकूज लागली आहे. कुजलेली मुळे कापून झाड कोरड्या मिश्रणात लावावे, पडवीत ठेवावे आणि कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक एका लिटर पाण्यात अडीच ते तीन ग्रॅम या प्रमाणात मुळांशी ओतावे. निरोगी शोभेच्या झाडांवर पाऊस सुरू होण्यापूर्वी उघडीप बघून एक टक्का बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक फवारावे. दहा लिटर पाण्यासाठी शंभर ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि शंभर ग्रॅम कळीचा चुना प्लास्टिकच्या बादल्यांत वेगवेगळा भिजवून एकत्र करावा. मिश्रणात लोखंडी पाते बुडवल्यावर तांबूस पुट चढले तर चुना वाढवावा, आणि मिश्रण त्याच दिवशी संपवावे. रोज खुडल्या जाणाऱ्या तुळशीवर आणि कढीपत्त्यावर मात्र यातले काहीही वापरू नये.