मोटरसायकलमधी ऑईल टाकायच्या आधी क्लचचा विचार करा

राजेहो, आपल्याकडं ऑईल निवडायची पद्धत म्हणजे घरी ट्रॅक्टरच्या नाहीतर कारच्या ऑईलचा डबा उघडा पडून आहे, मंग त्यातलंच ओता मोटरसायकलमधी, इंजिन तं दोन्हीकडं इंजिनच आहे ना. इंजिनाचं एखादवेळी जमूनही जाईल, गोम आहे क्लचमधी.

मोटरसायकलचं क्रँक फिरलं की जोर गिअरनं नाहीतर चेननं क्लचवर येते, यालाच प्रायमरी ड्राईव्ह म्हणतात, अन तिथून पुढं गिअरबॉक्स. स्प्लेंडर, पल्सर, सगळ्यात हे सारं एकाच ऑईलवर चालते. म्हणजे त्याच ऑईलनं पिस्टनची घासाघीस कमी करायची अन क्लचप्लेटची पकडही सोडायची नाही. कारच्या बऱ्याच ऑईलमधी ॲव्हरेज वाढवायसाठी घर्षण कमी करणारं केमिकल असते, ते क्लचला लागलं की प्लेटा घसरतात. मंग डबलसीट अन मागं खताचं पोतं घेऊन चढावर निघालं की इंजिन नुसतं बोंबलते, गाडी काही पुढं सरकत नाही.

म्हणून डब्याच्या मागं जासो (JASO, ऑईलचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ पाहा. एमए२ ची पकड जास्त. एमबी हे मुख्यतः स्कूटीचं, तिचा क्लच ऑईलमधी नसतेच. काही मोटरसायकलींच्या पुस्तकातच एमबी लिहून असते, तिथं कंपनीनं क्लच त्याच हिशोबानं बनवला असते, तेच टाका. डब्यावर जासोचं नावच नसेल तं ठेवा वापस.

आता ग्रेड, म्हणजे ऑईल किती जाड ते. १०डब्ल्यू-३० मधला पहिला आकडा थंड इंजिनसाठी, दुसरा १०० डिग्रीवरचा जाडपणा. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते म्हणून मिस्त्री म्हणते जाड टाक भाऊ. पण चालत्या इंजिनातलं ऑईल हिवाळ्यातही बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी गरम असते, अन पुस्तकातला ग्रेड कंपनीनं तेच धरून दिला असते. स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३० म्हटलं तं १०डब्ल्यू-३०, जुन्या पल्सरला २०डब्ल्यू-५० तं २०डब्ल्यू-५०. ऑईल पातळ होते ते जास्त करून गिअरच्या दातात चेंगरून, त्यासाठी वेळेवर बदला, अन पांदणीच्या धुळीत रोज चालवत असाल तं पुस्तकातल्या किलोमीटरच्या थोडं आधीच.

जुनी कास्ट आयर्न बुलेट असेल तं सगळा हिशोब वेगळा. इंजिन, गिअरबॉक्स, प्रायमरी, तिघांचं ऑईल अलग. लोकं इंजिनचं बदलतात अन प्रायमरीचं झाकण वर्षानुवर्षं उघडतच नाहीत, तिथं डुप्लेक्स म्हणजे दुपदरी चेन अन क्लच दोन्ही आहेत. ते झाकण मधातल्या एकाच मोठ्या नटावर बसते, गळती बहुतेक तिथूनच. भरताना लेव्हलचा बोल्ट खोला अन तिथून ऑईल झिरपायला लागलं की थांबा, जास्त भरलं तं क्लच सुटतच नाही, नीट न्यूट्रलही लागत नाही.

लेव्हल पाहताना गाडी मेनस्टँडवर, दोनतीन मिनिटं चालू ठेवून बंद, मंग थोडं थांबून डिपस्टिक (ऑईल मोजायची काडी) पुसून परत आत घाला. बऱ्याच गाड्यात ती न फिरवता नुसती टेकवून पाहायची असते, फिरवून घट्ट केली तं लेव्हल आहे त्यापेक्षा जास्त दिसते, हे कोणी सांगतच नाही. पावसाळ्यात नाल्याच्या पुरातून गाडी काढली अन ऑईल दुधाच्या चहासारखं दिसलं तं आत पाणी गेलं समजा, किक न मारता ढकलत न्या अन आधी ऑईल बदला.

घेताना सील पाहा, बॅच नंबर पाहा, अन बाजाराच्या दिवशी रस्त्यावर स्वस्तात मिळते ते घेऊच नका. रिकामा डबा गॅरेजमधी तसाच सोडू नका, कोणी त्यात काहीही भरून परत विकते, भोक पाडूनच फेका. काढलेलं काळं ऑईल मिस्त्रीच्या ड्रममधी जाऊ द्या, विहिरीजवळ नाही सांडायचं.