चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीकडं एमए-एमएस्सी करायला येताय? मग आधी हे वाचून घ्या

मी मूळची सांगलीची, लग्न होऊन इकडं आले, एमएस्सी इथंच केली आणि आता सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवते. दरवर्षी बाहेरची पोरं येतात आणि पहिले दोन महिने नुसत्या चकरा मारतात, ते बघून जीव तुटतो. सोयी आहेत इथं, पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

मायग्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे जुन्या विद्यापीठाकडून मिळणारा स्थलांतराचा दाखला, गाव सोडायच्या आधीच काढा. गोंडवाना विद्यापीठ 2011 ला चंद्रपूर-गडचिरोलीसाठी वेगळं झालं, त्यामुळं नागपूरहून येणाऱ्यालाही ते लागतं. मग महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या ऑनलाइन स्कॉलरशिपचा, फॉर्म भरण्याआधी बँकेत जाऊन आधार कोणत्या खात्याला लिंक आहे ते बघाच. माझी पहिल्या वर्षाची स्कॉलरशिप माहेरच्या जुन्या खात्यात जाऊन पडली होती आणि मी इकडं पाच महिने उधारीवर झेरॉक्स काढत होते. सरकारी होस्टेलला नंबर लागणार नाही असं वाटलं तरी अर्ज करा, कारण नंबर नाही लागला तर एससी-नवबौद्धांना स्वाधार, आदिवासींना स्वयम, ओबीसीला सावित्रीबाई फुले आधार योजनेतून खोली-जेवणाचे पैसे मिळू शकतात.

एसटी बसचं पण सांगते. मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट झालं म्हणून मुली पास काढायचा कंटाळा करतात, पण विद्यार्थी पासला 66.67 टक्के सूट आहे, रोज नागभीड नाहीतर वडशाहून ये-जा करणारीला पासच परवडतो. कॉलेजातून बोनाफाईड घ्या, डेपोत जा, झालं.

आता लायब्ररी. माझं एमएस्सी खरं तर तिथंच झालं. घरी दुपारी लाइट जायची, एप्रिल-मेमध्ये पारा 45 च्या वर, पुस्तकाची पानं घामानं बोटाला चिकटायची. पहिल्यांदा दारात वही घेऊन नुसतीच उभी होते तर शिपाईकाका म्हणाले, "काहून उभ्या आहात बाई, कूलरपाशी खुर्ची खाली आहे ना." मी खाली बघायला लागले! इकडं खाली म्हणजे रिकामी. त्या खुर्चीवर दोन वर्षं बसले मी. पण निम्म्या पोरांना माहीतच नसतं की कॉलेजनं एन-लिस्टची, म्हणजे कॉलेजांसाठीच्या ऑनलाइन लायब्ररीची, मेंबरशिप घेतलेली असली तर लायब्रेरियन सरांकडून स्वतःचा लॉगिन मिळतो, त्यात 6,000 च्या वर जर्नल्स, भरपूर ई-बुक्स, आणि हे सगळं खोलीवर बसून मोबाईलवरही उघडतं. प्रोजेक्टसाठी हजाराची पुस्तकं मागवू नका बाबांनो, आधी सरांना ईमेल आयडी द्या. शोधगंगा या वेबसाइटवरचे पीएचडीचे प्रबंध तर लॉगिनशिवायच वाचता येतात.

मेसचं थोडक्यात, हा धानाचा मुलूख, दोन्ही वेळा भात असणारच. भाकरीवाल्यांनी महिन्याचे पैसे भरण्याआधी मेसवाल्या काकूंशी बोलून घ्या, माझ्या वेळच्या काकू दोन दिवस आधी सांगितलं की ज्वारीची करून द्यायच्या, सोबत जवसाची चटणी. आणि बाजारात सांबार द्या म्हटलं की कोथिंबीर मिळते, डोशाबरोबरचं नाही.

मुलींनो, खोली बघायला एकट्या जाऊ नका, सिनिअर मुलीला सोबत घ्या, बोअरला मे महिन्यात पाणी असतं का ते शेजारच्या घरी विचारा, घरमालकाला नाही.