लेदर बुटांवरचे चरे काढताना या चुका टाळा

बुटावर चरा दिसला की हात थेट पॉलिशच्या डबीकडे जातो, आणि काम तिथेच बिघडतं. आधी एवढंच ओळखा: लेदरवर काही चिकटलंय, की लेदरचा रंग निघालाय? लेस काढा, ब्रशने धूळ झटका, घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्याने पुसा आणि चऱ्यावरून नख हळूच फिरवा.

नख अडकत नाही आणि रेघ काळपट, जरा वर आलेली आहे? बहुधा दुसऱ्या बुटाच्या सोलचं रबर लागलंय. गुळगुळीत लेदरवरून साधा पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा, ते सुटतं. इथे पॉलिश लावलं तर डाग झाकला जातो, जात नाही. ओलं असताना चरा दिसेनासा झाला आणि वाळल्यावर परत फिकट दिसला, तर वरचा रंगाचा थर गेलाय. त्याला क्रीम पॉलिश हवं. नख अडकलं, तर लेदर कापलं गेलंय. तिथे कितीही पॉलिश चोळलं तरी खाच बुजत नाही.

टूथपेस्ट, खायचा सोडा, नेलपॉलिश रिमूव्हर. तिन्ही नकोत. पेस्टमधले बारीक कण उरलेली चकाकीही घासून काढतात. लेदर मुळात किंचित आम्लधर्मी असतं, सोडा अल्कधर्मी. त्याने ते कोरडं पडतं. रिमूव्हर तर वरचं फिनिशच, म्हणजे रंग-चकाकीचा थर, विरघळवतो, मग चऱ्यापेक्षा मोठा फिकट डाग उरतो.

गडद छटा निवडणं. जिथे फिनिश गेलंय तिथलं लेदर रंग जास्त शोषतं, त्यामुळे चरा आजूबाजूपेक्षा काळा दिसू लागतो. शंका असेल तर एक छटा फिकट क्रीम घ्या आणि बुटाच्या जिभेच्या, म्हणजे लेसखालच्या पट्टीच्या, आतल्या बाजूला लावून बघा. एका बुटाला वाटाण्याएवढं क्रीम पुष्कळ झालं. दोन पातळ हात द्या, मध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबा, प्रत्येक हातानंतर ब्रश मारा. मेणाचं पॉलिश सगळ्यात शेवटी. तरीही रंग धरत नसेल, तर बहुधा जुन्या मेणाचा थर खाली राहिलाय; लेदर क्लीनरने तो काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

खोल खाच एकाच जाड थरात भरणं. इथे घाई सर्वात महाग पडते. उभे राहिलेले तंतू 600 नंबरच्या किंवा त्याहून बारीक पॉलिश पेपरने (सँडपेपरने), फक्त खाचेपुरते, बसवा. लेदर फिलरचे, म्हणजे खाच बुजवायच्या पेस्टचे, तीन-चार पातळ थर द्या, प्रत्येक पूर्ण वाळू द्या, मग रंग. जाड थर वरून वाळतो, आत मऊ राहतो आणि नंतर खचतो किंवा तडकतो. बोटांमागे बूट जिथे दुमडतो, तिथे चांगला फिलरही फार टिकत नाही. ती जागा कसबी चांभाराकडेच द्यावी.

हेअर ड्रायरने किंवा उन्हात वाळवणं. ओलं लेदर उष्णतेने आकसतं आणि कडक होऊन भेगाळतं. आत कागद कोंबून रात्रभर सावलीत ठेवा.

स्वेड आणि नुबक या लव असलेल्या लेदरवर क्रीम किंवा मेण लावूच नका, लव चिकटून बसते. त्यांना कोरडा ब्रश आणि खोडरबर. तेल-मेण मुरवलेल्या लेदरचे फिकट ओरखडे मात्र अंगठ्याने मिनिटभर चोळले की बरेचसे जातात, कारण उबेने आतलं मेण परत पसरतं. अशा बुटांना पॉलिशची डबी उघडण्याआधी अंगठा वापरून बघाच.