धारेचा पहिला दगड : हजार नंबरचा एकच घ्या

"धार लावायला शिकायचंय, कोणता दगड घेऊ?" असं कुणी विचारलं की चार जण चार सेट सुचवतात. चारशे, हजार, तीन हजार, आठ हजार नंबरचे दगड; नंबर मोठा तितका दगड बारीक. खाली बांबूचा पाट, पात्याला लावायची प्लास्टिकची चिमटी, वर चामड्याचा पट्टा. खोकं घरी येतं, एका रविवारी हौसेनं उघडलं जातं आणि दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर जातं. माझं म्हणणं सरळ आहे. शिकणाऱ्यानं एकच दगड घ्यावा, तो १००० नंबरचा घ्यावा, आणि उरलेले पैसे खिशात राहू द्यावेत.

आधी घरातली हत्यारं ओट्यावर मांडा. आपल्याकडे साधारण निघतं ते असं : दोन-तीन स्टीलच्या सुऱ्या, प्लास्टिकच्या मुठीचा एक छोटा चाकू, एक विळी, आणि आठवडी बाजारातून आणलेली एखादी लोखंडी सुरी, जी ओली राहिली तर संध्याकाळपर्यंत गंज धरते. साध्या स्टेनलेस सुऱ्यांचं पोलाद मऊ असतं, रॉकवेल या कडकपणाच्या मापात साधारण ५२ ते ५६. मऊ पोलाद लवकर बोथट होतं, पण तितक्याच लवकर धारेलाही येतं. त्याला आठ हजारांची झिलई चढवली तर ती चार कांदे चिरेपर्यंतही टिकत नाही. उलट १००० च्या दगडावरून उतरलेल्या धारेला डोळ्यांना न दिसणारे बारीक दाते असतात आणि टोमॅटोच्या सालीत तेच दाते धरतात. ज्यांच्याकडे साठच्या वरचा, कडक पोलादाचा जपानी चाकू आहे त्यांचं गणित वेगळं. ते इथं धरलेलं नाही.

आता बाजार. लातूरच्या गंजगोलाईत जा नाहीतर संभाजीनगरच्या शहागंजात, हार्डवेअरवाल्याकडे धारेचा दगड मागितला की तो काळा किंवा हिरवट, दोन बाजूंचा ठोकळा पुढे करतो. तो सिलिकॉन कार्बाइडचा असतो. एक बाजू भरड, दुसरी जरा कमी भरड. खुरपं, विळा, कुऱ्हाड, ऊसतोडीचा कोयता यांना त्याच्यासारखा दगड नाही. पण सुरीवर हात बसवायला तो घेऊ नका. तो पोलाद ओरबाडून काढतो, आणि त्या खरखरीत हाताखाली नेमकं काय चाललंय ते नवख्याला उमगत नाही.

दुकानदार वर "तेल टाकून घासा" असंही सांगेल. त्या ठोकळ्यापुरतं ते ठीक आहे. आपल्याला घ्यायचा तो वॉटर स्टोन, म्हणजे पाणी लावून घासायचा दगड. त्यावर मात्र तेलाचा थेंबही पडू देऊ नका. हा दगड सच्छिद्र असतो. तेल एकदा आत गेलं की तो पाणी धरत नाही. त्यात आपल्याकडे घरोघरी करडईचं तेल. ते हवेनं वाळतं आणि चिकट पापुद्रा धरतं. बाटलीच्या तोंडाशी बोट लावून बघा. तोच पापुद्रा दगडाच्या भोकांत बसला की दगड कामातून गेला.

वॉटर स्टोनची खुबी अशी की त्यातले कण जरा सैल बांधलेले असतात. घासताना वरचे बोथट झालेले कण सुटतात आणि खालचे ताजे वर येतात. म्हणून तो भरभर कापतो, आणि म्हणूनच झिजतोही. पाट्या-वरवंट्याचा आपला काळा बेसाल्ट याच्या नेमका उलटा : घट्ट, कण न सोडणारा, वर टाकी लावून पाडलेले खड्डे. पाट्याच्या कडेवर दोन हात मारले की सुरी तेवढी भाजी चिरून देते, हे मान्य. ती धार लावणं नव्हे. त्यापेक्षा चिनी मातीच्या कपाच्या बुडाशी जी बिनझिलईची कड असते ती बरी. अडल्यावेळी मीही वापरतो.

नंबर निवडताना बहुतेकांचं घोडं अडतं. माझंही बरेच दिवस अडलं होतं, म्हणून इथं जरा थांबू.

नंबर म्हणजे कणाची जाडी. नंबर मोठा तितका कण बारीक. जपानी मापात ४०० चा कण साधारण ३० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), १००० चा साडेअकरा, ३००० चा ४ आणि ६००० चा २. आता त्याच हार्डवेअरच्या दुकानातला वॉटर पेपर, म्हणजे ओला करून घासायचा कागद, उलटा करून बघा. मागे पी १००० छापलं असेल तर त्याचा कण सुमारे १८ मायक्रॉनचा असतो, म्हणजे जपानी हिशेबात तो सहाशेच्या जवळ जातो. दोन्हीकडे छापलंय हजारच, पण माल वेगळा. बिननावाच्या सेटवर तर नंबर कुठल्या मापातला हेसुद्धा लिहिलेलं नसतं. '३०००' छापलेली बाजू हाताला चांगल्या कंपनीच्या १००० पेक्षा भरड लागते, असे दगड मी हाताळले आहेत. त्याहून वाईट म्हणजे कणांची सरमिसळ. निवडलेल्या तांदळात एकच खडा राहावा तसा बारीक कणांत एखादा भरड कण राहतो, आणि सगळी मेहनत झाल्यावर पात्यावर एक खोल ओरखडा मारून जातो. शिकणाऱ्याला वाटतं आपला हात चुकला. हात बरोबर असतो, दगड खोटा असतो. म्हणून नंबर नुसता वाचू नका, तो कोण छापतंय ते बघा. शॅप्टन, किंग, नानिवा, सुएहिरो या जपानी नावांपैकी कुठलाही १००० डोळे झाकून चालेल, फक्त विक्रेता खात्रीचा हवा.

बरं, १००० च का? २२० किंवा ४०० वर चूक महागात पडते. पातं दगडाशी धरायचा कोन बिघडला तर थोड्याच हातांत सुरीच्या टोकाचा आकार बदलतो आणि तो परत आणायला निम्मं पातं झिजवावं लागतं. ३००० किंवा ६००० वर उलटी गत : चूक दिसतच नाही. अर्धा तास चुकीच्या कोनात घासा, सुरी झळाळते, आणि टोमॅटोवर ठेवली की घसरते. १००० वर चूक लगेच दिसते, पण नुकसान एवढंसंच होतं. शिकायला असाच दगड लागतो.

किंगचा १०००/६००० असा जोडदगड पुष्कळ जण सुचवतात. दगड चांगला आहे. माझा आक्षेप माणसाच्या स्वभावावर आहे. दुसरी बाजू हाताशी असली की नवखा माणूस १००० वरचं काम अर्धवट टाकून ६००० वर पळतो. कड बनलेलीच नसते, तिला झिलई कशाची देणार? जोडदगडच घ्यायचा हट्ट असेल तर ४००/१००० चा घ्या. भरड बाजू निदान कधीतरी उपयोगी पडेल.

दुसरा निर्णय भिजवायचा दगड की शिंपडायचा. किंगचे साधे १००० नंबरचे दगड भिजवावे लागतात : पाण्यात सोडले की बुडबुडे येतात, ते थांबेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं. हाताला ते मऊ लागतात, सुटलेल्या कणांचा चिखल छान धरतात, पण मध्ये खळगाही लवकर पडतो. शॅप्टनच्या कुरोमाकूसारख्या सिरॅमिक दगडावर नुसतं पाणी शिंपडलं की काम सुरू. तो जास्त घट्ट असतो, हळू झिजतो.

मराठवाड्यात मी शिंपडायचाच सांगतो. कारण पाणी वाचवणं हे नाही. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेल्या लातुरातसुद्धा धारेपुरतं तांब्याभर पाणी निघतं. कारण आपला उन्हाळा. भिजून चिंब झालेला दगड मे महिन्यात बेचाळीस अंशांत खिडकीत ठेवला की वरून भराभर सुकतो, आत ओलाच राहतो आणि तडकतो. शिंपडायच्या दगडानं पाणी फारसं प्यायलेलंच नसतं. दुसरं असं की स्वयंपाकाच्या घाईत पंधरा मिनिटं दगड भिजण्याची वाट कोणी बघत नाही, आणि आठवड्यानं नळ येणाऱ्या घरात दगडाची बादली कोणीतरी झाडांना ओतून टाकतंच. फक्त एक सांभाळा : शिंपडायचा दगड पाण्यात बुडवून ठेवू नका. त्यातले काही मॅग्नेशियाच्या (एक प्रकारच्या सिमेंटच्या) बांधणीचे असतात, ते पाण्यात राहिले तर मऊ पडतात आणि पुढे तडे धरतात. दोन्ही प्रकारचे दगड सावलीतच वाळवायचे. बोअरच्या पाण्यानं वर पांढरे डाग पडले तर पडू द्या.

आकार : २१ सेंमी लांब, ७ सेंमी रुंद. जाडी दीड सेंमी असली तरी घरच्या वापराला वर्षानुवर्षं पुरते. खिशात मावणारा दगड घेऊ नका, त्यावर हात लांब जातच नाही.

दगड आला की त्याची सपाटी बघा, कारण नवा दगडही तंतोतंत सपाट असेलच असं नाही. पेन्सिलनं वर आडव्या-उभ्या रेघा मारा. ग्रॅनाइटच्या ओट्यावर १२० किंवा २२० चा वॉटर पेपर ओला करून पसरा आणि त्यावर दगड घासा. रेघा कुठं राहिल्या ते दिसेल. जिथं राहिल्या तिथं खळगा. सगळ्या गेल्या की दगड सपाट झाला. शहाबादी फरशीवर हे करू नका, ती सपाट दिसते, असत नाही. शेवटी दगड भरपूर धुवा, पेपरचे भरड कण त्यावर राहता कामा नयेत. पुढेही खळगा जाणवला की हेच करायचं. सपाट करण्यासाठीचा वेगळा खोबणीचा दगड विकतात, तो स्वतःच लवकर वाकडा होतो. पैसे वाया.

दगडाखाली ओलं फडकं टाका आणि बसा.

दगड नीट निवडलाय की नाही हे पहिल्या सुरीवरच कळतं. धारेच्या दोन्ही बाजूंना परमनंट मार्करनं काळं फासा. पातं ४ सेंमी रुंद असेल तर त्याची पाठ, म्हणजे धारेच्या उलट बाजूची जाड कड, दगडापासून सव्वा सेंमी उचला. कोन साधारण १८ अंशांचा होतो. पाच-सहा हात मारा आणि उजेडात बघा. शाई धारेच्या सगळ्या पट्टीवरून, अगदी कडेपर्यंत सारखी गेली असेल तर कोन बरोबर. वरच गेली आणि कडेला तशीच राहिली तर पाठ थोडी उचला. कडेलाच तेवढी पुसली गेली तर खाली करा. चिमटीपेक्षा ही शाई जास्त शिकवते, कारण चिमटी पाठीवर सरकते आणि टोकाकडे कोन बदलतो तो लपवते.

शाई गेली म्हणजे धार आली असं मात्र नाही. एका बाजूनं घासत राहिलं की पलीकडच्या बाजूला पोलादाची बारीक खरखरीत कड वळते. अंगठा पाठीकडून धारेकडे आडवा, हलका ओढला की ती नखाएवढ्या जागेत अडकल्यासारखी लागते. धारेवरून लांबीच्या दिशेनं बोट कधीच फिरवू नका. ही खरखर मुठीपासून टोकापर्यंत सलग लागली पाहिजे. टोकाशी बहुधा लागत नाही; तिथं आणखी घासा. सलग लागली की बाजू बदला. मऊ स्टेनलेसची ही कड चिवट असते, नुसत्या इकडून-तिकडे लोळते. शेवटी दगडावर हात अगदी हलका करत, दर हाताला बाजू बदलत ती उतरवा, आणि वर्तमानपत्राच्या घडीवर पाठ पुढे ठेवून पातं चार-पाचदा ओढा. दगडावर साचलेला काळपट चिखल मध्येच धुऊ नका, तोही कापत असतो.

दुसरा दगड कधी? धारेला खांडी पडल्या असतील, किंवा सायकलच्या चाकावर ठिणग्या उडवणाऱ्यानं लोखंडी सुरीच्या कडेला निळा डाग पाडला असेल, तेव्हा. पोलाद निळं पडलं म्हणजे ते तिथं तीनशे अंशांच्या आसपास तापलं आणि त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरला. तेवढा भाग झिजवून मागे नेल्याशिवाय धार टिकणार नाही, आणि ते काम १००० वर करत बसलात तर दिवस मावळेल. त्यासाठी ४०० घ्या. कोन हातात बसल्यावरच घ्या. ३००० च्या पुढचं घरच्या स्टीलच्या सुऱ्यांसाठी मला कधी लागलेलं नाही.

राहिली विळी. तिच्या पात्याला बाक असतो आणि ते पाटातून सुटत नाही, त्यामुळे पातं दगडावर नेता येत नाही, दगडच पात्यावर न्यावा लागतो. त्यासाठी हातातून पडून तुटलेल्या दगडाचा तुकडा जपून ठेवा. पाटावर पाय दाबून बसा, पातं एका बाजूनं धरा आणि ओला तुकडा धारेच्या आडव्या रेषेत बारीक गोल फिरवत वरपर्यंत न्या, मग दुसरी बाजू. बोटं तुकड्याच्या वरच्या अर्ध्या भागातच ठेवा. तुकडा निसटला की खाली धरलेली बोटं सरळ पात्यावर येतात. घरात लहान पोरं असतील तर हे काम ती शाळेत गेल्यावर करा.